हट्टी मेल्या

सोमवारी सकाळी इन्क्युबेटरचं दार उघडलं, वरच्या फळीवरची सहा वाट्यांची प्लेट काढली, मायक्रोस्कोपखाली सरकवली, डोळे लावले आणि माझ्या तोंडून "अगंबाई" एवढंच निघालं. खालच्या ओळीतल्या तिन्ही वाट्यांमधल्या माझ्या पेशी मेल्या होत्या. जिवंत पेशी तळाला चिकटून असते, हातपाय पसरून. मेली की तळ सोडते, आक्रसते आणि गुलाबी पाण्यात तरंगायला लागते. मी प्लेट जरा कलती केली की ते बारीक बारीक गोळे आळसटपणे एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे जात होते. एकोणीस वर्षं मी या खोलीत पेशी वाढवते आहे. त्यांना खाऊ घालायचं, गर्दी झाली की नव्या बाटलीत हलवायचं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा येऊन एक नजर टाकून जायचं. त्यामुळे मेलेली पेशी म्हणजे आपली चूक, हे माझ्या हाडांत बसलंय. गॅस संपला असेल, बुरशी लागली असेल, मीच काहीतरी विसरले असेन. घाईघाईने वरची ओळ बघितली. तिथल्या तिन्ही वाट्यांमधल्या ठणठणीत. तीच प्लेट, तोच गॅस, तेच गुलाबी पाणी. फरक एवढाच की खालच्या ओळीत मी शुक्रवारी लाल औषध घातलं होतं. तेव्हा कुठे, म्हणजे चांगल्या मिनिटभराने, माझ्या डोक्यात उजेड पडला की या मराव्यात म्हणूनच तर आम्ही सगळे इतके दिवस डोकं आपटत होतो.

या पेशी स्तनाच्या कर्करोगाच्या. कधीकाळी कोणा एका बाईच्या गाठीतून काढलेल्या, बाटलीत वाढवलेल्या, वाढवून वाटलेल्या. कागदावर त्यांना लांबलचक आकडे आहेत, पण आमच्या खोलीत त्यांची दोनच नावं, साध्या आणि हट्टी. साध्यांना लाल औषध घातलं की दोनतीन दिवसांत आटोपतात. हट्टी मरत नाहीत. आणि त्या जन्मतः तशा नव्हत्या, मी त्यांना तसं केलं. चौदा महिने. साध्या पेशींची एक बाटली घेतली, औषधाचा अगदी एवढासा अंश घातला, बहुतेक मेल्या, चार वाचल्या. त्या चार वाढवल्या, मग अंश जरा वाढवला. पुन्हा बहुतेक मेल्या, पुन्हा चार वाचल्या. असं करत करत शेवटी अशी वेळ आली की साध्यांची दहा खानदानं संपतील एवढं औषध घातलं तरी या आपल्या मजेत. आमची प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, अभ्यासायच्या तर अशाच हव्यात, रुग्णाच्या गाठीत जे होतं ते आपल्याला बाटलीत दिसायला हवं. खरं होतं ते. पण रोज भरवलेल्या जिवाबद्दल माणसाला काहीतरी वाटायला लागतं, आणि मला हट्टींबद्दल जरा अभिमानच वाटायचा. तो नंतर वाटेनासा झाला.

नंतर म्हणजे ताईच्या उजव्या बाजूला गाठ सापडली तेव्हा. आमची इमारत आणि रुग्णालय यांच्यामध्ये फक्त एक मोटारतळ आहे. ताई त्या बाजूला खुर्चीत बसून हाताच्या शिरेतून लाल औषध घेत होती आणि मी या बाजूला तेच लाल औषध पिपेटने मोजत होते. तेच, अगदी तेच. आमच्या फ्रिजमध्ये ते चंदेरी कागदात गुंडाळून ठेवतात कारण त्याला उजेड सोसत नाही. पहिल्या वेळी ताई मला म्हणाली होती, "हे सरबत तुझ्या ओळखीचं दिसतंय." मी म्हटलं, हो. "मग सांग त्याला, नीट काम कर म्हणून." चार वेळा तिने ते घेतलं. केस गेले, भुवया गेल्या, जिभेची चव गेली, आणि गाठ एका मिलिमीटरने हलली नाही. डॉक्टर म्हणाले, औषध बदलू, दुसरं आहे, दर आठवड्याला एक याप्रमाणे बारा, या गुरुवारपासून सुरू करू. ताई म्हणाली, नाही. "चार वेळा मी ते लाल पाणी घेतलं. तिला काही झालं नाही, मलाच झालं. आता मी गुरुवारी बिरुवारी कुठे येणार नाही." आणि ताई नाही म्हणाली की ते नाहीच असतं. सव्वीस वर्षं ती लोकांना मोटार चालवायला शिकवते. शिकवायच्या गाडीत तिच्या पायाशी तिचा स्वतःचा वेगळा ब्रेक असतो, आणि मला नेहमी वाटत आलंय की गाडीतून उतरल्यावरही तो तिच्या पायाशीच असतो. सगळे तिला सांगून थकले. मी काहीच सांगितलं नाही. काय सांगणार होते? लाल औषधाला न जुमानणाऱ्या पेशी कशा दिसतात, हे आमच्या घरात माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? मला तर उलट असं वाटायचं की मी इकडे यांना हट्ट शिकवला आणि तो भिंतीतून, मोटारतळावरून तिकडे गेला. असं होत नाही हे मला कळतं. मी शाळकरी नाही. तरी दुपारी जेवणाचा डबा उघडताना असं काहीबाही मनात यायचं आणि घास फिरायचा.

तर त्या हट्टी मेल्या होत्या. कशाने मेल्या ते मला माहीत होतं, कारण ते मीच घातलं होतं. पेशीच्या आत सारख्या चिठ्ठ्या फिरत असतात, अमुक बनवा, तमुक बनवा. त्यात एक चिठ्ठी अशी असते की आत आलेलं विष उपसून बाहेर फेकणारे पंप बनवा. साध्या पेशीत बावीस अक्षरांचा एक चिमुकला तुकडा जाऊन त्या चिठ्ठीला चिकटून बसतो, मग ती कोणाला वाचताच येत नाही आणि पंप फारसे बनत नाहीत. या असल्या तुकड्यांना मायक्रोआरएनए म्हणतात. ते स्वतः काही बनवत नाहीत, गप्प बसवणं एवढंच त्यांचं काम. आमची आई हे नुसत्या डोळ्यांनी करायची. पाहुण्यांसमोर ताई भलतंसलतं सांगायला लागली की आई फक्त एकदा तिच्याकडे बघायची, आणि ताईचं वाक्य अर्ध्यावरच राहायचं. हट्टी पेशींमध्ये हा तुकडा जवळपास नाहीसाच झाला होता. बघणारं कोणी उरलं नव्हतं. म्हणून पंपच पंप, औषध आत आलं की लगेच बाहेर. मॅडमचं म्हणणं होतं, तो तुकडा बाहेरून बनवून परत आत घालायचा, मग औषध द्यायचं. तीनदा आम्ही ते केलं आणि तीनदा हट्टी हसत हसत जगल्या. कधी तुकडा आतच गेला नाही, कधी कमी पडला. चौथ्या वेळी मी प्रमाण बदललं, पाण्यातला एक घटक काढला आणि मग तुकडा आत घातला. या तुकड्याला कागदावर तीन आकडी नंबर आहे. मी मनातल्या मनात त्याला बारकी म्हणते. घरात माझंही नाव तेच आहे, सेहेचाळीस वर्षं झाली तरी. ताई हाक मारते ती "बारके" अशीच, मग ती भर बाजारात असो नाहीतर माझ्या मॅडमसमोर.

मी हातमोजे ओरबाडून काढले आणि बाहेरच्या बोळकांडीत आले. मला वाटतं मी तिथे एक उडी मारली. नक्की सांगता येणार नाही, पण समोरून ट्रॉली ढकलत येणारा झाडूवाला थांबला आणि भिंतीला लागून उभा राहिला, म्हणजे मारलीच असणार. फोन लावला. तो ताईने न उचलता भाऊजींनी उचलला हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी ओरडले, "मेल्या! हट्टी मेल्या!" भाऊजी मुद्रितशोधक आहेत, जन्मभर दुसऱ्यांच्या चुका त्यांनी पेन्सिलीने, कोणाला दुखवू नये इतक्या हलक्या हाताने दुरुस्त केल्या आहेत. थोड्या वेळाने त्यांचा अगदी बारीक आवाज आला. "मी काय केलं?"

"अहो तुम्ही नाही, भाऊजी! पेशी! पेशी मेल्या!"

"अच्छा, म्हणजे हे क्रियापद आहे होय," ते म्हणाले, आणि त्यांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. "मला वाटलं संबोधन."

आणि मग मागून तो आवाज आला. आधी मला वाटलं खोकला आहे. ताई हसत होती. पोट धरून, धाप लागेपर्यंत, मधेच "संबोधन" म्हणून पुन्हा. पाच आठवड्यांत मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. आई सगळ्यांना मेल्या म्हणायची, मांजराला, मामाला, बंद पडलेल्या पंख्याला, पण जावयाला कधी म्हणाली नव्हती. ते राहिलेलं काम माझ्या हातून झालं होतं. ताईने फोन हिसकावून घेतला. "काय गं बारके, सकाळी सकाळी माझ्या नवऱ्याला मेल्या म्हणतेस?"

"ताई, त्या ज्या मरत नव्हत्या ना, त्या. मेल्या."

हसणं थांबलं. "कशाने?"

"लाल औषधाने."

"त्याच?"

"त्याच. पण आधी आत दुसरं एक घातलं होतं."

माझ्या कानाशी तिचा श्वास होता, हसण्याने अजून चढलेला. मग म्हणाली, "बुधवारी बघायला येते," आणि फोन ठेवला. ताई कधी निरोप घेत नाही. मी तिथेच उभी राहिले आणि मला इतका आनंद झाला की मी झाडूवाल्याला सांगितलं, "मेल्या." तो म्हणाला, "बरं," आणि ट्रॉली घेऊन भरभर निघून गेला.

मॅडम साडेदहाला आल्या. त्यांनी प्लेट बघितली. उभ्यानेच बघितली, मग खुर्ची ओढून बसून बघितली. मग ताडून बघायला ठेवलेली प्लेट बघितली, जिच्यात हट्टींना बारकीऐवजी अक्षरं उलटसुलट केलेला एक भाकड तुकडा दिला होता. तिच्यातल्या लाल औषध पिऊन ठणठणीत होत्या, व्हायला हवं तसंच. मॅडमचा कान लाल झाला होता. आनंद झाला की त्यांचा एकच कान लाल होतो, डावा. मग त्यांनी प्लेट उचलून उजेडाकडे धरली, खालून बघितली, आणि म्हणाल्या, "बुडाला लिहिलं नाहीस?"

आमच्या खोलीत एक नियम आहे, आणि तो भिंतीवर माझ्याच अक्षरात लावलेला आहे. झाकणावर लिहायचं नाही, बुडाला लिहायचं. झाकण निघतं, बूड निघत नाही. नवीन मुली आल्या की पहिल्या दिवशी मी त्यांना हे सांगते, आणि कोणी झाकणावर लिहिलेलं दिसलं की दिवसभर सुनावते. आणि या प्लेटचं बूड कोरं होतं. झाकणावर माझ्याच निळ्या पेनाने ठसठशीत "ह" काढलेला. हूडमध्ये, म्हणजे ज्या काचेच्या कपाटात हात घालून आम्ही काम करतो तिथे, तिच्या शेजारी दुसरी प्लेट होती, साध्यांची, तिच्या झाकणावर "सा". ती फक्त वाढवायची होती, तिला काहीच द्यायचं नव्हतं. शुक्रवारी सकाळी दोन्हींची झाकणं काढून मी पाणी बदलत होते, तेवढ्यात खिशात फोन थरथरला. एकदा, दोनदा, पाचदा. पाचव्यांदा मी हातमोजे काढून बाहेर गेले. भाऊजी होते. "ती नाही म्हणते. गुरुवारचं नाहीच म्हणते. तूच बोल आता, तुझं ती ऐकेल." ताईने माझं ऐकलंय असा एकही प्रसंग आमच्या घराण्याच्या इतिहासात नाही, पण तो माणूस रडत होता, मी हो हो म्हटलं. परत येऊन नवे हातमोजे घातले, दोन्ही झाकणं लावली, मग बारकी दिली, संध्याकाळी औषध दिलं. झाकण बघून. कोणतं झाकण कोणत्या प्लेटवर लावलं होतं? ते मला आठवेना. मला भाऊजींचा आवाज आठवत होता, बोळकांडीतल्या फरशीवरचा ओला डाग आठवत होता, झाकणं नाही.

"म्हणजे," मॅडम हळूच म्हणाल्या, "ह्या साध्या असू शकतात. साध्यांना औषध मिळालं, त्या मेल्या. त्यात नवीन काय?"

"नाही मॅडम. ह्या हट्टीच आहेत. वरच्या ओळीत बघा ना, कशा घोळक्याने बसल्यात. साध्या अशा बसत नाहीत, त्या ऐसपैस पसरतात."

त्यांनी बघितलं. दुसरी प्लेट बघितली. पुन्हा पहिली. "मला दोन्ही सारख्याच दिसतात."

"मला नाही दिसत."

"तुझ्यावर माझा विश्वास आहे गं. पण आमच्या बाईंना पेशींचे चेहरे ओळखू येतात, असं शोधनिबंधात लिहिता येणार नाही." असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात मला फार जड वाटला. प्रयोग पुन्हा करता आला असता. पुन्हा करायचा म्हणजे आठ दिवस. ताई बुधवारी येणार होती. पाच आठवड्यांनी ती हसली होती ते या प्लेटवर, आणि आता मला तिला सांगावं लागलं असतं की ताई, झाकण चुकलं, त्या नेहमीच्याच होत्या, ज्या नेहमीच मरतात. गुरुवारचं तिचं ते "नाही" मग दगडावर कोरल्यासारखं झालं असतं. मला स्वतःचा असा राग आला की भिंतीवरचा तो नियम फाडून टाकावासा वाटला.

पण एकोणीस वर्षं माणूस एकाच खोलीत काढतो तेव्हा त्याच्या हातांना काही गोष्टी डोक्याच्या आधी सुचतात. "सा" लिहिलेली प्लेट माझ्यासमोर होती, जिला काहीच दिलं नव्हतं. झाकणं बदलली असतील तर हिच्यात हट्टी आहेत, बारकी न मिळालेल्या, सगळे पंप चालू असलेल्या. बदलली नसतील तर हिच्यात साध्या आहेत. आणि लाल औषधाची एक गंमत आहे, त्याच्यावर निळसर हिरवा प्रकाश टाकला की ते स्वतः लाल चमकतं. साधी पेशी ते आत धरून ठेवते, मधोमध, आणि दिव्यासारखी पेटते. हट्टी ते बाहेर फेकते आणि काळीच राहते. म्हणजे या प्लेटला औषध द्यायचं, तासभर थांबायचं, धुवायचं आणि अंधारखोलीत बघायचं. लाल दिसलं तर साध्या, झाकणं बरोबर, मेल्या त्या खरंच हट्टी. काळं दिसलं तर मी गाढव. मी मॅडमना सांगितलं. त्यांचा कान पुन्हा लाल झाला. "कर," त्या म्हणाल्या, आणि घड्याळाकडे बघत आपल्या खोलीत गेल्या, पण दार उघडंच ठेवलं.

तो तास. मी औषध दिलं, प्लेट आत ठेवली, आणि स्टुलावर बसले. खिडकीतून मोटारतळ दिसतो. तिथे कोणीतरी एक गाडी मागे घेत होतं, पुन्हा पुढे, पुन्हा मागे, आणि मला ताईने मला शिकवलेले तीन दिवस आठवले. पहिल्या दिवशी तिने मला फक्त आरसा बघायला लावला. दुसऱ्या दिवशी मी गाडी सुरू केली की ती ब्रेक दाबायची, कारण मी आरसा बघितला नव्हता. तिसऱ्या दिवशी मी भर चौकात गाडीतून उतरले, दार उघडं टाकून, आणि चालत घरी आले. मागून तिने सबंध रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "बारके, उतरण्याआधी आरसा बघायचा असतो!" आठवडाभर आम्ही बोललो नाही. आई दोघींना वेगवेगळं जेवायला वाढायची. आठव्या दिवशी ताईने येऊन माझ्या ताटातलं अर्धं उचललं आणि ते भांडण संपलं, कसलीही माफी नाही, काही नाही. मी तेव्हा वीस वर्षांची असेन, ती सव्वीसची, दंडावर उन्हाने रापलेली रेघ, कपाळावर घाम, आणि कोणत्याही रस्त्यावर कोणालाही न घाबरणारी. मला ती तशीच हवी होती. तिने गुरुवारी यावं असं मला वाटत होतं ते तिच्या भल्यासाठी नाही, ते सगळे म्हणत होते तसं. मला माझी ताई हवी होती, माझ्यासाठी, आणखी तीस वर्षं तरी, माझ्या ताटातलं खायला. हे मी स्टुलावर बसून पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं आणि मला लाज वाटण्याऐवजी बरं वाटलं. मी एका पुसायच्या कागदावर पेनाने रेघा ओढत होते. बघितलं तर सगळीकडे "ह" आणि "सा" काढलेले. मग इन्क्युबेटरच्या वरचं घड्याळ वाजलं.

अंधारखोली म्हणजे कोळशासारखी काळी, पडदा ओढला की स्वतःचा हात दिसत नाही. मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मी प्लेट ठेवली, प्रकाश सोडला, डोळे लावले आणि आधी काहीच दिसलं नाही. काळं. मग माझ्या लक्षात आलं की मी भिंग नीट लावलंच नव्हतं. बोटाने चकती फिरवली, जरा पुढे, जरा मागे, आणि ते आले. लाल. एक, दहा, मग सगळा तळच्या तळ, प्रत्येक ऐसपैस पसरलेल्या पेशीच्या मधोमध एकेक लाल ठिपका, गोल, शांत. मी प्लेट सरकवली, लाल. दुसरी वाटी, लाल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते सगळे दिवे एकमेकांत मिसळले. "साध्या," मी म्हटलं. "ह्या साध्या आहेत, मॅडम. झाकणं बरोबर होती."

मॅडमनी मला बाजूला सारून बघितलं. अंधारात त्यांचा कान दिसत नव्हता, पण तो लाल होता, मी पैज लावून सांगते. "तीनदा पुन्हा करून दाखवायचं," त्या म्हणाल्या. "बुडाला लिहून. मग नाच."

"मी नाचून झाले," मी म्हटलं.

मंगळवारी मी हट्टींची प्लेट आणि भाकड तुकड्याची प्लेट रंगवली. जांभळा रंग घालायचा आणि धुवायचा. जगलेल्या पेशी तळाला चिकटून असतात, त्या रंग धरतात. मेलेल्या धुऊन जातात. बुधवारी दुपारी ताई आली, गाडी स्वतः चालवत, डोक्याला निळी टोपी, मागून भाऊजी तिची पिशवी घेऊन. बाहेरच्या माणसांना आत सोडत नाहीत, म्हणून आम्ही खाली कॉफीच्या यंत्राजवळच्या टेबलाशी बसलो. ती वाळली होती, मनगटातलं घड्याळ सैल झालं होतं. मी दोन्ही प्लेटा तिच्या हातात दिल्या. तिने चष्मा लावला आणि खिडकीशी जाऊन एकेक उजेडाला धरली. भाकडवालीत सहाच्या सहा वाट्या गर्द जांभळ्या. बारकीवालीत वरच्या तीन जांभळ्या, खालच्या तीन नुसती काच. त्या काचेतून पलीकडचं झाड दिसत होतं. मी तिला सगळं सांगितलं, चौदा महिने, चिठ्ठ्या, पंप, झाकणं, लाल दिवे. बारकी हे नाव मात्र सांगणार नव्हते, पण बोलण्याच्या ओघात तोंडातून गेलंच.

"माझ्या बहिणीचं नाव परस्पर कोणालाही देतेस?" ती म्हणाली. मग प्लेट न खाली ठेवता, "हे मला देता येईल?"

"नाही."

"कधी?"

"माहीत नाही. अजून हे बाटलीतच झालंय, तेही एकदा. माणसाच्या अंगात ते नेमकं गाठीपर्यंत पोचवायचं कसं, हे कोणालाच नीट जमलेलं नाही. दहा वर्षं लागतील. कदाचित जमणारही नाही."

भाऊजींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी एखादं सबंध पान चुकीचं छापलंय. ताई मात्र माझ्याकडे नीट बघायला लागली, चष्म्याच्या वरून. "आणि ते गुरुवारचं, दुसरं? त्यालाही माझी गाठ उपसून बाहेर टाकेल?"

"टाकेलही. पण तुझ्या गाठीत पंपच आहेत की दुसरंच काही आहे ते मला माहीत नाही. डॉक्टरांनाही नसेल. पुष्कळ बायकांना पहिल्याने काही होत नाही आणि दुसऱ्याने होतं. तुला होईल का, माहीत नाही."

"सगळे म्हणतात, सगळं छान होणार आहे. डॉक्टर म्हणतात, हे म्हणतात, शेजारीण म्हणते. मला त्या छानचा इतका वीट आलाय, बारके. तू पहिली आहेस माहीत नाही म्हणणारी." ती खुर्चीत बसली. "मग मला हे दाखवायला का बोलावलंस?"

"मी नाही बोलावलं, तूच येते म्हणालीस. मी तर फक्त फोन केला होता. मला आनंद झाला होता. तुला नाही सांगायचा तर कोणाला सांगायचा?"

"तुला काहीही माहीत नाही, आणि तू उड्या मारतेस."

"हो."

"बोळकांडीत. कामाच्या ठिकाणी."

"एकच मारली."

ती पुन्हा हसायला लागली. सोमवारसारखं मोठ्याने नाही, आतल्या आत, खांदे हलत होते, टोपी कपाळावर घसरली ती तिने सरळही केली नाही. हसता हसता तिने प्लेट परत उचलली आणि खालच्या तीन रिकाम्या वाट्यांमधून एक डोळा मिटून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघत होती. मग तिने प्लेट अलगद टेबलावर ठेवली, तीन बोटांनी माझ्या बाजूला सरकवली आणि चष्मा काढून पुसायला घेतला.

"त्या दुसऱ्याने झोप येते म्हणतात," ती भाऊजींना म्हणाली. "येताना गाडी तुम्हाला चालवावी लागेल. आज घरी गेल्यावर मागे घ्यायचा सराव करा, गेल्या वेळी तुम्ही कुंडी फोडलीत. आणि बारके, किती वाजता बोलावलंय त्यांनी उद्या?"

"नऊला."

"मग साडेआठला तुझ्या दारात उभी राहा. मी हॉर्न वाजवणार नाही."